दफ्तराची किल्ली कुणाच्या कमरेला?

या देशात माणूस जन्मला की लगेच जन्मत नाही. कागदावर लिहिला गेला की जन्मतो. मेला तरी कागद होईपर्यंत मरत नाही. मधलं सगळं आयुष्य, म्हणजे जात, जमीन, शाळा, मजुरी, मार खाल्ला त्याची फिर्याद, हे कागदात असेल तरच घडलं. कागद नसेल तर तुम्ही खोटे. तोंडानं सांगाल ती बोंब, आणि शिक्क्याखाली असेल ते सत्य.

आणि हा कागद आणायचा कुणी? ज्याच्या घरात कागद कधी येऊच दिला नाही त्यानं. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याचं ८ वं कलम वाचा. दावा खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची. अनुसूचित जातीच्या पोरानं १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा काढायचा. विमुक्त-भटक्याच्या पोरानं २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्याच्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसवलं, आत घेतलं नाही, त्याच्याकडे आज्याच्या शाळेचा दाखला मागायचा! ज्याचं पाल दर आठ दिवसांनी उठवलं त्याला विचारायचं, तेव्हा कुठं राहत होता याचा कागद दाखव! हा विनोद नाही. हे रोजचं सरकारी काम आहे.

तरी कागद असतात. आपण समजतो त्यापेक्षा जास्त असतात. आईच्या पत्र्याच्या पेटीत असतात, चुलत्याच्या रेशनकार्डाच्या पिशवीत असतात, विहाराच्या कपाटात असतात. पण ते सापडत नाहीत. मला आज बोलायचंय ते या न सापडण्याबद्दल. आणि या न सापडण्यावर इलाज म्हणून संगणकात जे शोधयंत्र बसवायचं ते कुठलं बसवायचं, कुणाचं बसवायचं, याबद्दल. हा विषय इंजिनीअरांचा आहे असं समजून पान उलटू नका. हा सत्तेचा विषय आहे.

जुन्या गावगाड्यातला कुलकर्णी आठवा. त्याची ताकद कशात होती? तलवारीत नव्हती. रुमालात होती. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. गावाची सगळी जमीन, सगळी देणीघेणी, सगळी वतनं त्या गाठोड्यांत. कोणत्या रुमालात कोणता कागद आहे हे फक्त त्याच्या डोक्यात. लिपी मोडी, वाचणारा तोच. महार, मांग, रामोशी दारात उभा राहायचा. "नोंद बघायची होती." "बघू उद्या." हा उद्या तीन-तीन पिढ्या आला नाही. कागद लपवायची गरजच नव्हती. कागद शोधायचं काम एकट्याच्या हातात असलं की पुरे. ज्याच्या हातात सूची त्याच्या हातात गाव.

१९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतन गेलं. तलाठी आला. १९५८ च्या कायद्यानं महार वतन आणि बाकीची कनिष्ठ गावकामगार वतनं गेली. जमिनी फेरमंजूर झाल्या, पण सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शिक्का राहिला, आणि तो फेरफार कधी झाला, कुणाच्या नावानं झाला, मधे कुणी घुसला, हे शोधायला आजही माणूस तालुक्याच्या पायऱ्या झिजवतो. वतन गेलं. रुमाल राहिला.

आता परिस्थितीत एक फरक पडलाय. कागद आपल्याकडे यायला लागलेत. पोरांच्या हातात मोबाईल आहे. तहसीलमध्ये फाईल उघडली की पोरगं फोटो मारतं. माहितीच्या अधिकाराखाली, २००५ पासून, नकला मागता येतात. निकाल पीडीएफमध्ये येतात, शासन निर्णय पीडीएफमध्ये येतात. कार्यकर्त्याच्या फोनमध्ये दहा हजार फोटो असतात. त्यात बायकोचा वाढदिवस, मोर्चाची गर्दी, पोराची गुणपत्रिका, आज्याचा कोतवाल बुकातला उतारा, म्हणजे तो गाव नमुना १४, आणि कुणीतरी पाठवलेलं 'सुप्रभात', सगळं एका ढिगात. तारीख पडते तेव्हा कागद सापडत नाही. म्हंजे काय झालं? कुलकर्णी गेला आणि आपणच आपल्या दफ्तराचे आंधळे राखणदार झालो.

अशा वेळी कंपनी येते. गोड बोलते. "सगळं आमच्याकडे टाका. आम्ही सांभाळू, आम्ही वाचू, आम्ही शोधून देऊ. फुकट." आमचे मित्र टाकतात. जातीचे दाखले टाकतात, आधार टाकतात, अत्याचाराच्या फिर्यादीतल्या साक्षीदारांचे जबाब टाकतात. दोस्तांनो, हा नवा रुमाल आहे. कापड परदेशी, गाठ तीच. जागा भरली की भाडं मागणार. खातं बंद केलं तर दाद कुठं मागणार? कुठल्या चावडीवर?

आणि फुकट म्हणजे मुक्त नव्हे, हे एकदा डोक्यात कोरून घ्या. २००४ साली गूगल कंपनीनं आपल्या संगणकातले कागद शोधून देणारं एक सॉफ्टवेअर काढलं होतं, गूगल डेस्कटॉप. फुकट होतं. लोकांनी घेतलं, सवय लावून घेतली. २०११ साली कंपनीनं ते बंद केलं. मालक तेच, मर्जी त्यांची. दुसऱ्या कुणी ते पुढं चालवायचं म्हटलं तर चालवता आलं नाही, कारण त्याचा मूळ कोड कुणाला दिलेलाच नव्हता.

आता दुसरं उदाहरण घ्या. 'पेपरलेस' नावाचं सॉफ्टवेअर. घरातले कागद स्कॅन करून टाकायचे, ते वाचतं, सूची करतं, शोधून देतं. एका माणसानं स्वतःच्या गरजेसाठी लिहिलं आणि कोड उघडा ठेवला. पुढं त्याचं काम थंडावलं. २०२० साली दुसऱ्यानं तोच कोड उचलला आणि 'पेपरलेस-एनजी' केलं. तेही थंडावलं. २०२२ साली चारचौघांनी मिळून ते पुन्हा उचललं, 'पेपरलेस-एनजीएक्स' केलं, आणि ते चालू आहे. दोन वेळा हात बदलले. वापरणाऱ्याचे कागद रस्त्यावर आले नाहीत. हे का झालं? कोड उघडा होता आणि परवाना जीपीएल होता. तो परवाना म्हणतो, वापरा, वाचा, बदला, वाटा. पण बदललेलं वाटाल तर तेही उघडंच ठेवा. विहीर सगळ्यांची; पाणी काढा, पण विहिरीला कुंपण घालू नका. हे तत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण चवदार तळ्याची माणसं.

पण भाबडेपणा नको. उघडा कोड आहे म्हणून सॉफ्टवेअर अमर होत नाही. लिनक्सवर 'बीगल' नावाचं असंच शोधयंत्र होतं, मुक्त होतं, तरी ते मेलं. उचलायला कुणी पुढं आलं नाही. म्हणून मी म्हणतो, निवड करताना 'मुक्त आहे का' हा पहिला सवाल, पण शेवटचा नव्हे. आणखी तीन सवाल विचारा. ते यंत्राला विचारायचे सवाल आहेत, विकणाऱ्याला नव्हे.

पहिला सवाल: माझा कागद कुठं राहतो?

शोधयंत्र काम कसं करतं ते समजून घ्या, त्यात जादू नाही. जाड पुस्तकाच्या मागं शब्दसूची असते. 'वतन: पान १२, ४०, ८७.' यंत्र तेच करतं. प्रत्येक कागद उघडतं, शब्द वेगळे करतं, आणि कोणता शब्द कोणत्या कागदात आहे याची वही बनवतं. तुम्ही शब्द टाकला की ते कागद चाळत बसत नाही, वही बघतं. म्हणून लाखभर पानांतून क्षणात सापडतं. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या आहेत: कागद आणि सूची. चांगलं यंत्र ते, जे तुमच्या कागदाला हात लावत नाही. कागद तुमच्या फोल्डरमध्ये, तुम्ही दिलेल्या नावानं, साध्या पीडीएफ किंवा चित्राच्या रूपात पडलेला असतो. सूची शेजारी वेगळी. उद्या यंत्र मेलं तर सूची फेकून द्या, दुसरं यंत्र आणा, कागद त्याच्यापुढं टाका, रात्रभरात नवी सूची. सूची जाळता आली पाहिजे आणि कागद वाचला पाहिजे. ज्या यंत्रात कागद आत जातो आणि त्यांच्या पेटीतून त्यांच्याच किल्लीनं बाहेर येतो, ते यंत्र घेऊ नका. मग ते कितीही चकचकीत असो.

दुसरा सवाल: याला मराठी येते का?

इथं भलेभले झोपतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं, शंभर भाषा चालतात. चालतात म्हणजे काय? मराठी दिसते आणि मराठी सापडते यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'जमीन' हाच शब्द घ्या. यंत्रात 'जमीन' टाकला तर 'जमीन' सापडेल. पण आपल्या कागदात 'जमीन' कमी आणि 'जमिनीचा', 'जमिनीवर', 'जमिनीतून' जास्त. इंग्रजी शब्दाची शेपटी कापून मूळ शब्द ओळखायची सोय बहुतेक यंत्रांत असते. मराठीची नसते. आपली भाषा तर शेपटी लावताना पोटातही बदलते. 'जमीन' मधली दीर्घ मी 'जमिनीचा' मध्ये ऱ्हस्व होते. म्हणून 'जमीन' पुढं फुली टाकून, म्हणजे पुढं काहीही चालेल असं सांगून शोधलं तरी 'जमिनीचा' सापडत नाही. 'विहीर' शोधा, 'विहिरीवर' झालेली मारहाण सापडणार नाही. फिर्यादीत नेमकं 'विहिरीवर' असतं. उपाय आहे: 'जमीन' आणि 'जमिन', दोन्हींपुढं फुली टाकायची आणि 'किंवा' लावून शोधायचं. 'दाखला' नको, 'दाखल' आणि फुली. मग 'दाखले' आणि 'दाखल्याची' दोन्ही येतात. हे ज्याला माहीत त्याला सापडतं. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, "कागद नाही वाटतं," आणि खटला हरतो.

आणखी घोळ. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठतो. एक कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतो, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. 'ॲट्रॉसिटी' चंही तसंच: कुणाचा ॲ एकच अखंड अक्षर, कुणाचा अ वर चंद्र टाकून केलेला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे कागद तुम्ही एका तऱ्हेनं शोधाल आणि दुसऱ्या तऱ्हेनं टंकलेले सगळे निसटतील. चंद्र कुठं बसला यावर पुरावा सापडणं न सापडणं!

त्याच्यापेक्षा मोठा खड्डा म्हणजे फॉन्ट. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत काम केलं. त्यात पडद्यावर 'अ' दिसतो, आत इंग्रजीचं भलतंच अक्षर असतं. अंकच्या अंक, विशेषांक, परिषदांचे अहवाल, सगळं त्यात पडलंय. पीडीएफ उघडा, झकास मराठी दिसते. त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा उकिरडा पडतो. यंत्र तो उकिरडा वाचतं. मग तुमचा शब्द त्याला सापडेल कसा? अशा पीडीएफला आतला मजकूर फेकून, पानाचं चित्र समजून, नव्यानं वाचून घ्यावं लागतं. हे काम 'ओसीआरमायपीडीएफ' नावाचं मुक्त अवजार करतं. पानाचं चित्र तसंच ठेवतं आणि त्याच्याखाली शोधता येईल असा मजकुराचा अदृश्य थर घालतं.

त्या थरासाठी अक्षरं ओळखतं ते 'टेसरॅक्ट'. १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झालं, २००५ मध्ये खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून नव्या पद्धतीनं वाचायला लागलं. त्याला मराठी येते, पण मराठीचा संच मागून घ्यावा लागतो. घेतला नाही तर ते आपली अक्षरं इंग्रजी समजून वाचतं आणि कचरा करतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही सांगा, कारण आपले सरकारी कागद दुतोंडी असतात. स्कॅन ३०० डीपीआयचा करा, कागद सपाट ठेवा, उजेड सारखा ठेवा.

तरी चुका होणार. छापील, स्वच्छ पान चांगलं वाचतं. चक्रमुद्रित पत्रक, ज्याची शाई पन्नास वर्षांपूर्वीच फिकी होती, ते अडखळत वाचतं. हातानं लिहिलेला फेरफार वाचत नाही. मोडी तर नाहीच नाही. मोठ्या कंपन्यांची यंत्रं मराठी कधी कधी टेसरॅक्टपेक्षा चांगली वाचतात, हे लपवण्यात अर्थ नाही. जे पत्रक आपण चौकात वाटलं ते त्यांच्याकडून वाचून घ्या, हरकत नाही, ते जगजाहीरच आहे. पण बाईनं दिलेला जबाब त्यांच्या दारात नेऊ नका. तिनं तो तुमच्यावर विश्वासून दिलाय.

मग हस्तलिखिताचं आणि मोडीचं काय? तिथं यंत्र संपतं आणि माणूस सुरू होतो. कागदाच्या चित्राशेजारी त्याच नावाची एक साधी मजकुराची फाईल ठेवा. मी त्याला चिठ्ठी म्हणतो. चिठ्ठीत पाच गोष्टी: कुणाचं नाव, कोणतं गाव, कोणतं साल, कोणता गट किंवा सर्व्हे नंबर, कागद कशाबद्दल. मोडी वाचणारा म्हातारा हयात असेल तर त्याच्यापुढं बसा, तो वाचेल ते टंका. यंत्र चिठ्ठी वाचेल, चिठ्ठीवरून कागद सापडेल. चार ओळींचं काम आहे. पण ती चार ओळींची नोंद आपल्या आज्यानं कधी लिहिली नव्हती. ती दुसरा लिहायचा, त्याला हवी तशी.

तिसरा सवाल: चोर आला तर?

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सूची म्हणजे कागदाची दुसरी प्रत असते. तुम्ही जबाब कुलुपात ठेवला आणि सूची उघडी ठेवली तर त्यातले शब्द, नावं, गावं सूचीत पडलेली असतात. म्हणून सूचीही कुलुपात पाहिजे. पूर्ण डिस्कच कूटबद्ध करा. लिनक्समध्ये ती सोय असतेच, विंडोजवर 'व्हेराक्रिप्ट' आहे, त्याचाही कोड उघडा आहे. आणि हे दफ्तर ज्या संगणकावर आहे त्यावर सिनेमे उतरवू नका, आलेली कुठलीही फाईल उघडू नका. एल्गार परिषदेच्या खटल्यात २०२१ साली आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी तपासणी कंपनीनं अहवाल दिला, की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर घुसवून बाहेरून फाइली ठेवल्या होत्या. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं ते मानलं नाही. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण आपल्या दफ्तरात आपण न ठेवलेला कागदही असू शकतो, एवढं शहाणपण आजच घ्यायला हरकत नाही. फायलींचा तपासअंक, म्हणजे चेकसम, काढून वेगळ्या जागी ठेवला तर कागदात एक अक्षर बदललं तरी कळतं.

आणि चोरापेक्षा मोठा शत्रू म्हणजे एकुलती एक प्रत. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले. ते एका बोटीवर, त्यांचे ग्रंथ दुसऱ्या बोटीवर. महायुद्ध चालू होतं, पाणबुडीनं ती दुसरी बोट बुडवली. अर्धपोटी राहून जमवलेलं धन समुद्राच्या तळाला गेलं. तेव्हा दुसरी प्रत करणं त्यांच्या हातात नव्हतं. आपल्या हातात आहे, तीही दोन-चार हजारांच्या डिस्कवर. एक प्रत घरी, एक वस्तीच्या वाचनालयात, एक दुसऱ्या गावच्या सोबत्याकडे. झोपडपट्टीला आग लागते तेव्हा ती प्रत बघून लागत नाही.

आता नावं घ्या म्हणाल. घेतो. मला तीन दिसतात, आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

एकट्या कार्यकर्त्यासाठी 'रिकॉल'. झेपियन नावाच्या मुक्त शोधसंचावर उभं आहे, परवाना जीपीएल. कागद जागच्या जागी ठेवतं, सूची वेगळ्या फोल्डरमध्ये करतं. वर सांगितलेली फुलीची पद्धत त्यात चालते. टेसरॅक्ट जोडून दिलं तर स्कॅनही वाचून घेतं. लिनक्सवर फुकट, विंडोजसाठीच्या तयार आवृत्तीचे थोडे पैसे घेतात. द्या की. करणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे असं आपणच म्हणतो ना?

ज्या वाचनालयात एकच जुना विंडोज संगणक आहे तिथं 'डॉकफेचर'. जावावर चालतं, आत ल्युसीन नावाचं शोधइंजिन आहे. त्याची एक आवृत्ती पेनड्राइव्हवर कागदांसकट ठेवता येते, जाल तिथं न्या. ते स्वतः स्कॅन वाचत नाही, म्हणून आधी ओसीआरमायपीडीएफमधून कागद काढून घ्यायचा. मात्र पेनड्राइव्ह हरवतो. त्यावर जबाब नकोत, पत्रकं आणि निकाल ठेवा.

आणि जिथं मंडळ आहे, पाच-सहा जण मिळून वर्षानुवर्षं कागद जमवणार आहेत, तिथं 'पेपरलेस-एनजीएक्स'. हे एका संगणकावर सतत चालू ठेवावं लागतं. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही चालतो. मग त्याच वायफायवरच्या फोनमधून, ब्राउझरमध्ये, सगळ्यांना शोधता येतं; कुणी काय बघावं हेही ठरवता येतं. हे टेसरॅक्टकडून स्वतःच वाचून घेतं, मूळ फाईल न बदलता ठेवतं, कागदांना खुणा लावता येतात: 'जमीन', 'जात-पडताळणी', 'शिष्यवृत्ती'. पण बसवायला कुणीतरी जाणकार लागतो. आणि खुणा त्याच्या आतल्या वहीत राहतात, म्हणून महिन्यातून एकदा सगळं निर्यात करून डिस्कवर काढायचं. ती सोय त्यात आहे. ती न वापरणारा पुन्हा रुमालातच अडकला समजा.

आमच्या वाचनालयानं काय घ्यावं असं विचाराल तर मी सांगेन, आधी रिकॉल. आठ दिवस चालवा, पन्नास कागद टाका. त्यात दहा छापील, दहा फिके, दहा जुन्या फॉन्टांतले, दहा हस्तलिखित चिठ्ठीसकट, दहा इंग्रजी-मराठी मिसळीचे. मग हे शब्द शोधा: जमीन, विहीर, दाखला, शेतकऱ्यांचा, ॲट्रॉसिटी. किती सापडले, किती निसटले, मोजा. जे यंत्र आपल्या शब्दांना पास होईल ते आपलं. परदेशातल्या कुणी त्याला किती तारे दिले याच्याशी आपल्याला काय करायचंय? त्याच्या आज्याला कधी सातबारा लागला नव्हता.

काही मित्र मिशा पिळून म्हणतील, चळवळ रस्त्यावर असते, कागदाच्या फडताळात नसते. रस्त्यावर तर असतेच. पण रस्त्यावरून उतरल्यावर काय राहतं? १९७२ सालानंतर या महाराष्ट्रात किती पत्रकं निघाली, किती अनियतकालिकं निघाली, किती भिंती रंगल्या! त्यातलं बरंचसं वाळवीनं खाल्लं, बरंचसं रद्दीत गेलं. आता आपल्याबद्दल लिहायचं झालं की संशोधक वर्तमानपत्राची कात्रणं काढतात. म्हणजे आपल्यावर दगड फेकणाऱ्यांच्या नजरेतून आपला इतिहास. आणि खुद्द बाबासाहेबांचं अप्रकाशित लिखाण? ते १९५६ ला गेले. लिखाण पेट्यांत पडून राहिलं. राज्य सरकारची प्रकाशन समिती १९७६ ला झाली आणि पहिला खंड १९७९ ला आला. तेवीस वर्षं! ज्या माणसानं देशाला घटना दिली त्याचा कागद तेवीस वर्षं पेटीत. मग तुमच्या-माझ्या आईच्या पेटीला कोण विचारतो?

दुसरे काही म्हणतील, आमच्याकडे इंजिनीअर नाहीत. खोटं. वस्तीवस्तीत आपली पोरं संगणक शिकलीत, पुण्यात-हिंजवडीत कंपन्यांची यंत्रं सांभाळतायत. कंपनीचं दफ्तर दिवसाला दहा तास राखता, रविवारी दोन तास आईची पेटी राखा. त्यांच्याकडून देणगी नको, पावती नको. दोन तास पाहिजेत. उघड्या कोडाचा एक फायदा असाही आहे, की मराठी शब्दांची शेपटी कापायची सोय नाही म्हणून रडत बसायचं कारण नाही. ती लिहिता येते. 'विहीर' आणि 'विहिरीवर' एकच आहे हे यंत्राला शिकवता येतं, आणि एकदा शिकवलं की ते सगळ्या मराठी माणसांचं होतं. कुलकर्ण्याच्या डोक्यातली सूची कुणाला बदलता आली नाही. ही आपल्याला येते.

तेव्हा भाषण पुरे. येत्या रविवारी पेटी उघडा. सगळ्यात जुना कागद आधी काढा, त्याचा तुकडा पडायच्या आत. स्कॅन करा. नाव द्या: साल, गाव, माणूस, कशाचा कागद. चिठ्ठी लिहा. दोन प्रती करा. सूची बनवा. मग आईला विचारा, तुझ्या सासऱ्याचं नाव काय होतं? ती सांगेल. ते नाव यंत्रात टाका आणि कागद समोर आला की तिला वाचून दाखवा.

त्या घरात एवढ्या पिढ्यांत पहिल्यांदाच कुणाला "बघू उद्या" ऐकावं लागणार नाही.